अंडरकोटिंग केलं तरी पिकअपच्या चेसिसला गंज परत का चढतो?

तक्रार नेहमी एकाच धर्तीची असते. गाडीखाली काळं अंडरकोटिंग मारून घेतलं, वर्ष-दीड वर्ष सगळं ठीक दिसलं, आणि मग कधीतरी स्टेपनी उतरवताना मागच्या क्रॉस मेंबरवरचा, म्हणजे चेसिसच्या दोन लांब रेलना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरचा, थर बोटाच्या धक्क्याने सुटून हातात आला. त्याखाली ओलसर तपकिरी भुगा. लोक मग त्यावर तोच माल पुन्हा मारतात, या खेपेला जरा जाड. पुढच्या वेळी पोपडा त्याच जागी सुटतो आणि आधीपेक्षा मोठा असतो.

माल खराब निघाला असं यात क्वचितच असतं. गंज परत येण्याची कारणं मोजकी आहेत. थराच्या मागे पाणी अडकलं, पृष्ठभागावरचे क्षार धुतले गेले नाहीत, किंवा थर बाहेरून दिला आणि गंज आतून आला. प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. म्हणून डबा उघडण्याआधी आपल्या गाडीचं दुखणं यातलं कोणतं ते ठरवायला हवं.

आधी हातोडी, मग कोटिंग

गाडी सपाट आणि पक्क्या जमिनीवर घ्या, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावा, जॅकने उचला आणि चेसिसखाली स्टँड लावून मगच खाली शिरा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. हातोडी मारायची असल्यामुळे आणि पोपडे डोळ्यात पडत असल्यामुळे चष्मा सक्तीचा.

तीन-चारशे ग्रॅमची हातोडी घेऊन चेसिस पुढून मागे ठोकत जा. शाबूत लोखंड खणकन वाजतं आणि हातोडी उसळते. खाल्लेली जागा थप्प आवाज करते, हातोडी तिथे मरते. अशा जागी जाड पेचकसाचं टोक जोर लावून दाबून बघा. टोक रुतलं तर विषय कोटिंगचा राहिलेला नाही.

ठोकायच्या जागा: मागच्या ॲक्सलवरून चेसिस जिथे वर उचललेली असते तो भाग, पाट्यांचे (पोलादी पानांच्या स्प्रिंगांचे) हँगर आणि शॅकलचे ब्रॅकेट, स्टेपनीच्या वरचा क्रॉस मेंबर, इंधनाच्या टाकीच्या पट्ट्यांच्या वरची बाजू, केबिनच्या माउंटचे ब्रॅकेट आणि जिथे दोन पत्रे एकावर एक आले आहेत अशी प्रत्येक जागा. स्टेपनीच्या वरचा क्रॉस मेंबर बघण्यासाठी स्टेपनी उतरवाच. २००९ साली टोयोटाने अमेरिकेत २००० ते २००३ मॉडेलच्या टुंड्रा पिकअप परत बोलावल्या त्या याच भागासाठी. क्रॉस मेंबर गंजून स्टेपनी रस्त्यावर पडण्याचा धोका होता.

पोपड्याच्या जाडीवरून मात्र घाबरून जाऊ नका. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे बोटभर फुगलेला थर निघाला तरी खालचं लोखंड त्यामानाने कमी गेलेलं असू शकतं. खरी जाडी कळण्यासाठी अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावावं. ते एकाच बाजूने मोजतं, म्हणजे बंद पेटीसारख्या चेसिसवरही चालतं. पोपडे काढून छोटी जागा चकचकीत करा, जेल लावा, मोजा. मग त्याच रेलवरची शाबूत जागा मोजा आणि फरक बघा.

भोक पडलेलं असेल तर तिथेच थांबा. टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोयाच्या गंजलेल्या चेसिसबाबत अमेरिकेत २०१६ साली ग्राहकांच्या दाव्यात टोयोटाची जी तडजोड झाली, तीत चेसिस बदलून देण्याचा निकष १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक असा होता. हा निकष कंपनीच्या खर्चाचा आहे; आपण तेवढ्या भोकाची वाट बघायची नसते. भोकावर पुट्टी, फायबर किंवा पातळ पत्रा चिकटवून वरून काळं मारणं म्हणजे पुढच्या माणसाला फसवणं. खाल्लेला भाग शाबूत लोखंडापर्यंत कापून त्याच जाडीची प्लेट बसवावी लागते. तीही गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत वेल्डिंगला परवानगी असलेल्या जागीच, कारण बऱ्याच नव्या चेसिस उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात आणि चुकीच्या जागी उष्णता दिली की तो भाग कमकुवत होतो.

गंज कुठे परत आला ते नीट बघा

सुटलेला पोपडा फेकून देऊ नका, उलटा करून बघा. पाठीमागे तपकिरी गंजाचा थर चिकटून आला असेल तर कोटिंग सैल गंजावर मारलेलं होतं. ते लोखंडाला कधी चिकटलंच नव्हतं, गंजाला चिकटलं होतं, आणि गंज सुटला तेव्हा सोबत सुटलं. पाठ स्वच्छ काळी आणि खालचं लोखंड गुळगुळीत असेल तर मारताना तिथे तेल, माती किंवा ओल होती, किंवा कंपनीचा गुळगुळीत रंग पॉलिश पेपरने खरखरीत केलेला नव्हता.

थर जागेवर आहे, पण त्यावर मोहरीएवढे फोड आले आहेत, आणि फोडल्यावर आतून पाण्याचा थेंब निघतो? मग थराखाली क्षार राहून गेले आहेत. कोणतंही कोटिंग काही प्रमाणात वाफ आत सोडतंच. खाली मीठ असलं की ते ती ओल धरून ठेवतं आणि फोड वाढत जातो. अशा जागी वरून कितीही थर दिले तरी उपयोग नाही. खरवडून, धुऊन पुन्हा सुरुवात करावी लागते.

जोडाच्या रेषेतून, रिव्हेटभोवती किंवा बोल्टखालून तपकिरी ओघळ येत असतील तर पाणी दोन पत्र्यांच्या फटीत आहे. फटीच्या आत प्राणवायू कमी आणि तोंडाशी जास्त असतो, त्या फरकानेच आतला भाग वेगाने खाल्ला जातो. तिथे साचलेला गंज फुगून पत्रे एकमेकांपासून ढकलतो, चक्क बोल्ट ताणतो. रबरी किंवा डांबरी कोटिंग या फटीवरून जातं, आत जात नाही. इथे पसरणारं तेलकट कोटिंगच लागतं.

बाहेरून सगळं शाबूत, पण पाऊस किंवा धुणं झाल्यावर चेसिसच्या खालच्या छिद्रांतून लालसर पाणी टिपकतं, हे लक्षण सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. बंद पेटीची चेसिस आतून सडते. चाकांनी उडवलेला चिखल बाजूच्या छिद्रांतून आत जातो, तळाशी बसतो, पाणी निघायची छिद्रं बुजवतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. आतल्या बाजूचा कारखान्यातला रंगही बहुधा पातळ असतो. बाहेरून चार लिटर माल मारून इथे काडीचा फरक पडत नाही.

फक्त चाकांच्या मागेच गंज परत येत असेल तर कारण खडीचा मारा. मडफ्लॅप आणि चाकाच्या आतले प्लास्टिकचे पडदे शाबूत आहेत का ते बघा. आणि हौद्याच्या खाली, चेसिसच्या वरच्या बाजूवर हात घालून बघा. तिथे बोटभर मातीचा थर सापडला तर नवल नाही. खालून मारणाऱ्याला ती बाजू दिसत नाही, म्हणून ती नेहमी बिनकोटिंगचीच राहून जाते.

क्षारांचं गणित

पाणी आणि प्राणवायू मिळाला की लोखंड गंजतंच, पण क्लोराइडं आली की वेग कित्येक पटींनी वाढतो. क्षारयुक्त पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि लोखंडावरचा स्वतःचा संरक्षक पापुद्राही फोडतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओल धरायला लागतं. बर्फ वितळवण्यासाठी आणि धूळ बसवण्यासाठी रस्त्यावर टाकतात ते मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं, कॅल्शियम क्लोराइडही त्याच्या जवळपास. म्हणजे गाडी कोरडी दिसते, हवा कोरडी वाटते, आणि चेसिसवर चिकट ओला थर चोवीस तास काम करत असतो.

यामुळेच क्षार लागलेली गाडी उबदार बंद गॅरेजमध्ये ठेवणं हा फायदा वाटला तरी तोटा असतो. थंडीत मंदावलेली क्रिया उबेत जोर धरते. आधी धुवा, मग आत घ्या.

किनाऱ्याजवळची खारी हवा आणि खताची किंवा मिठाची वाहतूक यांनाही हेच लागू आहे. हौद्यातून सांडलेलं खत चेसिसच्या वरच्या बाजूवर पडून राहतं आणि त्यातले क्षारही तितकेच त्रास देतात.

कोणता माल, कुठे

रबरी आणि डांबरी अंडरकोटिंग वाळून कडक होतं. खडीचा मार चांगला झेलतं, आवाज कमी करतं. पण उष्णता-थंडी आणि चेसिसची पिळवट यांमुळे त्याला बारीक चिरा जातात. चिरेतून पाणी आत जातं, केशाकर्षणाने थराखाली पसरतं आणि परत बाहेर येत नाही. नव्या, गंज न लागलेल्या चेसिसवर, खरखरीत करून प्रायमर दिलेल्या जागेवर हे कोटिंग ठीक आहे. जुन्या गंजक्या चेसिसवर ते मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

मेणाचं कोटिंग मधल्या जातीचं. वरून कोरडं होतं, आत किंचित मऊ राहतं, पेटीच्या आत उत्तम. त्यातलं पोकळ भागांसाठीचं पातळ मेण वेगळं असतं आणि बाहेरचं जाड वेगळं. डब्यावर बघून घ्या. गरम पाण्याच्या प्रेशर वॉशने मेण निघून जातं.

लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, आणि त्याच जातीची पसरणारी तेलकट कोटिंगं कधीच पूर्ण वाळत नाहीत. खरचटलं तरी आजूबाजूचा माल सरकून जागा झाकतो, फटीत शिरतो, गंजाच्या थरातही मुरतो. धूळ चिकटते, हात काळे होतात, दर वर्षी पुन्हा मारावं लागतं. तरीही आधीच गंज लागलेल्या पिकअपसाठी आमची पसंती हीच. कडक थर निकामी झाला की खाली लपून निकामी होतो. मऊ थर संपला की बोट फिरवल्यावर लगेच कळतं.

जळकं ऑइल मारायची पद्धत अजून चालू आहे. ते फुकट असतं आणि थोडा काळ कामही करतं, पण इंजिनात वापरलेल्या तेलात आम्ल आणि धातूचे कण असतात, रबरी बुश त्याने फुगतात आणि मऊ पडतात, टिपकून माती-पाणी खराब होतं, आणि त्यातले काही घटक कर्करोगकारक आहेत. गाडीखाली आडवं पडून ते तोंडावर उडवून घेण्यासारखं त्यात काही नाही.

बॅटरीला जोडायच्या गंजरोधक इलेक्ट्रॉनिक डब्या विकत घेऊ नका. विजेने लोखंड वाचवायचं तत्त्व खरं आहे, पण ते पाण्यात बुडालेल्या जहाजाला किंवा मातीतल्या पाइपला लागू पडतं, कारण तिथे सगळ्या पृष्ठभागाला सलग ओल लागलेली असते. हवेतल्या गाडीला तसं माध्यमच नसतं.

गंज बदलणारं द्रावण, म्हणजे रस्ट कन्व्हर्टर, टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचं असतं. ते घट्ट बसलेल्या पातळ गंजाला काळ्या, तुलनेने स्थिर थरात बदलतं. सैल पोपड्यांच्या तळापर्यंत ते पोहोचत नाही आणि तेलकट जागेवर धरत नाही. झिंक प्रायमरचा नियम याच्या उलट आहे. तो फक्त चकचकीत, उघड्या लोखंडावर मारायचा, कारण जस्ताचा लोखंडाशी थेट संपर्क असेल तरच ते स्वतः झिजून लोखंड वाचवतं. कन्व्हर्टरवर झिंक प्रायमर मारला तर दोन्ही वाया.

काम करताना

मध्यम आकाराच्या पिकअपसाठी लागणारा माल: पसरणारं किंवा मेणाचं कोटिंग ४ ते ५ लिटर, त्यातलं दीड ते दोन लिटर पेटीच्या आत. तेलकटपणा काढणारं द्रावण, कन्व्हर्टर अर्धा लिटर, वायर ब्रश, खरवडणी, ८० नंबरचा पॉलिश पेपर. लिटरभर बाटली लागणारी अंडरकोटिंग गन, तिला जोडायची मीटर-दीड मीटर लांबीची लवचीक नळी आणि टोकाला चहूबाजूंनी फवारणारं नोझल. कॉम्प्रेसर ५० लिटर टाकीचा असेल तर दाब मध्येच बसत नाही. स्प्रेच्या डब्यांवर संपूर्ण चेसिस करायला जाऊ नका. आतली बाजू अर्धवट राहते.

धुण्यापासून सुरुवात. आधी चेसिसच्या तळाची छिद्रं तारेने मोकळी करा, नाहीतर धुतलेलं पाणी आतच साठेल. मग नळी पेटीच्या एका टोकाला घालून पाणी सोडा आणि खालून येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबू नका. आधी गढूळ येतं, मग लाल, मग पापुद्रे येतात, आणि पापुद्रे छिद्रात अडकून पाणी थांबतं. प्रत्येक वेळी तार घाला. बाहेरची बाजू, हौद्याखालची वरची बाजू, पाट्यांच्या आसपास, सगळं गोड्या पाण्याने धुवा. तेलकट डाग द्रावणाने काढून पुन्हा धुवा. पॉलिश पेपर मारण्याआधी तेल काढायचं, नंतर नाही. उलट केलं तर तेल ओरखड्यांत चोळलं जातं.

मग सैल काय आहे ते काढा. इथे एक फसवणूक होते. ग्राइंडरला लावलेला वायर कप गंज काढण्याऐवजी त्याला घासून चकाकी आणतो. जागा गडद आणि चमकदार दिसते, लोखंडासारखी वाटते, पण तो घोटलेला गंजच असतो. खड्ड्यांतला भाग तर तसाच राहतो. खरवडणी आणि टोकदार हातोडीने पोपडे पाडा, मग ब्रश, मग पेपर. लोखंड राखाडी आणि मंद दिसायला हवं. खड्डे काळेच राहिले असतील तर तिथे पुन्हा पाणी मारून, ब्रशने घासून क्षार काढा. धूळ श्वासात जाऊ देऊ नका. कणांसाठीचा घट्ट मास्क लावा. जुना थर कडक असेल आणि ठोकल्यावरही न हलता चिकटून असेल तर तो मुद्दाम काढायची गरज नाही. कडा मात्र सुटायच्या थांबेपर्यंत खरवडा.

वाळवणं हा टप्पा सगळे उरकतात, आणि निम्मी कामं इथेच बिघडतात. बाहेरची बाजू तासाभरात वाळते, पेटीची आतली बाजू नाही. कोरड्या हवेत दोन-तीन दिवस द्या, किंवा कॉम्प्रेसरची हवा नळीने आत सोडत राहा. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत घालून तळ कोरडा आहे का ते बघा. कन्व्हर्टर, प्रायमर किंवा कोणताही वाळणारा रंग देताना लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्याच्या) किमान ३ अंश सेल्सिअस वर आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. पहाटे थंड चेसिसवर न दिसणारं दव असतं, म्हणून ऊन वर आल्यावरच हात लावा.

कन्व्हर्टर ब्रशने, पातळ, दोन हात. २४ तास थांबा. थर काळा न होता तपकिरीच राहिला तर खाली सैल गंज किंवा तेल आहे, पुन्हा खरवडा. पेटीच्या आत कन्व्हर्टर ओतू नका. तो सारखा पसरत नाही, तळाशी साचतो आणि उरलेलं आम्ल धुता येत नाही. नुसतं पसरणारं कोटिंगच फवारायचं असेल तर बाहेरही कन्व्हर्टरशिवाय चालतं.

फवारणीआधी झाकाझाक. ब्रेक डिस्क, पॅड आणि ड्रम, सायलेन्सरची पूर्ण लाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, वायरिंगचे उघडे कनेक्टर, पट्टे, रेडिएटर, ॲक्सलचा ब्रीदर (हवा सोडणारं छोटं तोंड), भारानुसार ब्रेकचा दाब बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडा. डिस्क आणि ड्रमना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. टेप पुरत नाही. अर्थिंगच्या पट्ट्यांचे बोल्ट आधी सोडून, घासून, घट्ट करा आणि मगच वरून कोटिंग मारा. सैल अर्थिंगवर मारलं की इंडिकेटर आणि मागचे दिवे विचित्र वागायला लागतात आणि दोष वायरमनच्या डोक्यावर येतो. रबरी बुशवर मुद्दाम फवारू नका. लॅनोलिनची काही मिश्रणंही नैसर्गिक रबर फुगवतात. पाट्यांच्या पानांमध्ये भरपूर माल सोडला तर त्यात वाळू धरते, म्हणून तिथे बेताने.

लोखंडी ब्रेक पाइपवर मात्र कोटिंग हवंच. आधी पुसून बघा. वरवरचा तांबूसपणा चालेल. खड्डे किंवा फुगवटा दिसला तर पाइप बदलूनच पुढे जा. बदलताना तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पाइप घेतला तर तो गंजत नाही.

आता फवारणी, आणि आतली बाजू पहिली. माल थंड असेल तर जाड राहतो आणि फटीत शिरत नाही. बाटली ४०-५० अंशांच्या गरम पाण्यात ठेवा. आच किंवा हीट गन लावू नका. बऱ्याच मालांत ज्वालाग्राही द्रावक असतो. दाब ४ ते ६ बार. नळी पेटीच्या शेवटपर्यंत घाला आणि फवारत फवारत सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या वेगाने बाहेर ओढा. ढकलताना फवारलं तर नळी आधीच्या मालातून घासत जाते. प्रत्येक पेटी दोन दिशांनी करा, कारण आतले आडवे पत्रे नळी अडवतात आणि त्यांच्या मागे सावली राहते. तळाच्या जोडातून आणि छिद्रांतून माल टिपकायला लागला म्हणजे आत पुरेसा पोहोचला. टिपकलं नाही तर तिथे पुन्हा जा. पेटीला छिद्रच नसेल तर मनाने पाडू नका. चेसिसमध्ये नवं छिद्र म्हणजे तडा जायला नवी जागा. आधीची छिद्रं, बोल्टची भोकं, टोकाची तोंडं शोधा, बहुतेकदा पुरतात.

बाहेर मारताना प्रमाण लक्षात ठेवा. एक लिटर माल १० चौरस मीटरवर पसरला की ओला थर ०.१ मिलिमीटर होतो. खालच्या बाजूंना आणि चाकांच्या मागे याच्या दुप्पट हवा. एकदम जाड मारला तर ओघळून खाली पडतो. वीसेक मिनिटांच्या अंतराने दोन हात द्या. हौद्याखालच्या वरच्या बाजूसाठी पुन्हा नळीचं नोझल वापरा. हौदा सहसा काही मोठ्या बोल्टांवर असतो. जमत असेल तर एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूचे सैल करा आणि ती बाजू जेमतेम मूठभर उचलून खाली ठोकळे घाला. त्याआधी इंधन भरायच्या नळीचा तोंडाकडचा भाग आणि दिव्यांची वायर सोडायला विसरू नका, नाहीतर उचलताना तीच तुटते.

काम संपलं की तळाची सगळी छिद्रं पुन्हा तारेने मोकळी करा. कोटिंगनेच छिद्र बुजणं ही अगदी नेहमीची चूक, आणि तिच्यामुळे पेटीचा हौद होतो. गाडीखाली पुठ्ठे टाका. दोन-तीन दिवस टिपकत राहील. पहिल्यांदा गाडी चालवताना वास येईल. थोडा उडालेला माल सायलेन्सरवर जळून वास जातो, पण धूर थांबतच नसेल तर गाडी बंद करून तो भाग द्रावकाने पुसा. ब्रेक आधी जागेवर तपासा, मग रस्त्यावर मोकळ्या जागी हळू वेगात दाबून बघा.

द्रावकाच्या वाफांसाठी धुळीचा मास्क चालत नाही, कार्बनच्या डब्या असलेला मास्क लागतो. दोन घटकांचं युरेथेन कोटिंग वापरत असाल तर त्यात आयसोसायनेट, म्हणजे श्वासातून फुप्फुसांना घातक रसायनं, असतात. त्याची फवारणी घरच्या गॅरेजमध्ये करू नये.

नंतरचं वर्ष

दोन आठवड्यांनी जोडांच्या रेषा आणि बोल्ट बघा. नवा ओघळ दिसला तर तेवढ्याच जागी पुन्हा फवारा. चाकांच्या मागे आणि पुढच्या क्रॉस मेंबरवर सहा महिन्यांनी बोट फिरवा. बोटाला तेलकटपणा लागला नाही तर तिथे पाव लिटर माल पुरतो. पूर्ण चेसिस १०-१२ महिन्यांनी, ओल्या किंवा क्षारांच्या हंगामाच्या आधी. दुसऱ्या वर्षापासून मालाचं प्रमाण बहुधा निम्म्यावर येतं, कारण आतला थर टिकलेला असतो.

धुताना प्रेशर वॉशचं नोझल किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवा आणि पाणी थंड. क्षारांच्या रस्त्यावर रोज गाडी असेल तर दर दोन आठवड्यांनी खालून धुणं कोटिंगइतकंच महत्त्वाचं.

आणि गाडी पुढे कधीही वेल्डिंगला गेली, मग ते सायलेन्सरचं असो की हुकचं, तर चेसिसच्या आत मेण किंवा तेल आहे हे वेल्डरला आधी सांगा. पेटीतला माल बाहेरून दिसत नाही, पण उष्णतेने पेटतो आणि पेटीच्या आत आग पसरत जाते. जवळपासचा भाग द्रावकाने पुसून घ्यावा, द्रावक पूर्ण उडू द्यावा, अग्निशामक हाताशी ठेवावा, आणि काम झाल्यावर जळालेल्या जागी आतून-बाहेरून पुन्हा कोटिंग फवारावं.